ठरावाचं कुंकू

सोमवार, १५ ऑगस्ट २०२२

परभणीच्या प्रशिक्षणात साहेबांनी आम्हा बायका सरपंचांना सांगितलं होतं, रोज थोडं लिहीत जा, कारभार ध्यानात राहतो. वही आणली तर पहिल्या पानांवर माझ्या नातीनं, पिंकीनं, आधीच म्हैस काढून ठेवली होती. असू दे म्हटलं. सरपंचाच्या वहीत म्हैस असली तर बिघडत नाही.

आज ग्रामसभेत ठराव झाला. आमच्या गावात यापुढे नवरा मेला म्हणून बाईचं कुंकू पुसलं जाणार नाही, बांगड्या फोडल्या जाणार नाहीत, मंगळसूत्र काढलं जाणार नाही. मी स्वतः उभी राहून वाचला. आवाज कापत होता, पण माईकच खरखर करत होता म्हणून झाकून गेलं.

मसुदा आमच्या ग्रामसेविका मनिषा मॅडमनं केला. पोरगी हुशार. तिनं त्यात 'तिच्या इच्छेविरुद्ध' असे दोन शब्द घातले होते. म्हणजे बाईच्या इच्छेविरुद्ध कुंकू पुसायचं नाही, असं. मी ते खोडायला लावले. इच्छेचं काय विचारायचं? कुंकू नको असणारी बाई अजून जन्मायची आहे. मॅडम म्हणाली, "राहू द्या ना ताई, बरं असतं." मी म्हटलं, कुंपणाला भगदाड ठेवलं की शेळ्या तिथूनच शिरतात. खोडले तिनं.

पुरुष गालातल्या गालात हसत होते. बायका खाली बघत होत्या. बोलली ती एकटी छबूबाई, माझी थोरली जाऊ. शेजारीच राहते, आमच्यात एक भिंत आहे. "कस्तुरे, मेलेल्याच्या नावानं नटायचं व्हय?" म्हणाली. सगळी सभा हसली. मी हसले नाही.

हसू कशाला येईल? पिंकीचे आजोबा गेले तेव्हा मी तिशीची पण नव्हते. गोपी शाळेत जायचा, बबिता कडेवर होती. चौघींनी मला धरून उंबऱ्यावर हात टेकवायला लावले आणि ह्याच छबूबाईनं वरवंटा घातला. काच मनगटात घुसली. तो वण आज पण आहे, घड्याळाच्या पट्ट्याखाली झाकते. त्यानंतर मी कुणाच्या लग्नात पुढं गेले नाही, कुणाची ओटी भरली नाही. पोटच्या लेकीला हळद लावायच्या वेळी मी आत कणीक मळत बसले होते.

आज त्या सगळ्याचं उट्टं निघालं. आता ह्या गावात कुणाची कस्तुराबाई होणार नाही.

रविवार, ९ ऑक्टोबर

आज कोजागिरी. दूध आटवलं. सूनबाईचा, राजेश्रीचा, डावा डोळा सुजलाय. म्हणते दाराची चौकट लागली. आमच्या चौकटी बुटक्याच आहेत, मागं पण एकदा लागली होती. गोपीला म्हटलं, चौकट उंच करून घे. तो गाडी काढून गेला. हल्ली घेऊन आला की जरा तापट होतो, पण मनानं लोण्यासारखा आहे.

मंगळवार, २९ नोव्हेंबर

गोपी गेला.

काल दहावा झाला. इतके दिवस हात धजला नाही. देवगाव फाट्याच्या अलीकडे उसाची ट्रॉली उभी होती. मागं दिवा नाही, लाल फडकं नाही. लोक गोपीबद्दल काहीबाही बोलतात, तो कसा होता, काय प्यायला होता. मी ऐकून घेत नाही. दिवा असता तर दिसली असती ट्रॉली.

लिहायचं ते वेगळंच आहे. माझ्या गोपीला उचलायच्या वेळी छबूबाई वरवंटा घेऊन आली. मागं गल्लीतल्या बायका. राजेश्री भिंतीला टेकून बसली होती, हातात हिरव्या बांगड्या. माझ्या लेकाचं मढं समोर पडलंय हे पण मला आठवेना. मी दारात आडवी झाले. म्हटलं, कुणी हात लावाल तर याद राखा. ठराव माझ्या पोटच्या गोळ्यावर आलाय, तो मी मोडणार नाही.

छबूबाई म्हणाली, "कस्तुरे, तिला तर इचार."

राजेश्री म्हणाली, "काढून घेऊ द्या आत्याबाई. मला नकं आता हे."

दुःखात माणूस काहीही बोलतं. मी पण नवरा गेल्यावर विहिरीत उडी मारते म्हणाले होते. मी तिचं डोकं पोटाशी धरलं आणि म्हटलं, गप माझी माय, तुझी सासू हाय इथं. आणि छबूबाईच्या हातातला वरवंटा काढून घेतला.

माझा पोरगा गेला त्या दिवशी मी रडले नाही. रडायला फुरसतच मिळाली नाही.

रविवार, १५ जानेवारी २०२३

संक्रांत. आमच्या अंगणात गावाचं हळदीकुंकू ठेवलं. पहिला मान राजेश्रीला. बायका करंडा हातात घेऊन उभ्या, पण कुणाचा हात पुढं होईना. मग मी म्हटलं, सरपंच म्हणून सांगते, लावा. मग लावलं सगळ्यांनी. वाण पण दिलं.

कुणीतरी म्हणालं, सरपंचबाई, आता तुमी बी लावा की. मी नको म्हटलं. माझं कपाळ कोरडं राहून राहून त्याला आता सहन व्हायचं नाही. सुनेच्या कपाळावर बघितलं की माझं भागतं.

ती विसरभोळी झालीये. सकाळी अंघोळ करून येते ती पांढऱ्या कपाळानंच. मग मीच बोलावते, हनुवटी धरते आणि टिकली नाही, चांगलं ठसठशीत कुंकू लावते. ती डोळे मिटून घेते. बांगड्यांचं पण तसंच, कामाला अडचण होते म्हणून काढून फळीवर ठेवते. मी परत घालते. घरात बांगड्यांचा आवाज पाहिजे. इतकी वर्षं ह्या घरात भांड्यांचाच आवाज होता.

बुधवार, ८ मार्च

महिला दिन. तालुक्याला सत्कार झाला. शाल, नारळ, सन्मानचिन्ह, आणि गावाचं नाव माईकवर. राजेश्रीला गोपीनं घेतलेली मोरपंखी साडी नेसवली होती. तिनं दोन शब्द बोलायचे होते. मी पाठ करून घेतले होते, 'मला माझ्या सासूबाईंनी दुसरा जन्म दिला' असे. ती माईकसमोर उभी राहिली आणि काही बोललीच नाही. लोकांकडं बघत राहिली नुसती. मी मागून पहिला शब्द पुटपुटले. पण तालुक्याचे साहेब उठले आणि म्हणाले, "हे मौनच किती बोलकं आहे." टाळ्या थांबेनात. पोरीनं असं निभावून नेलं.

येताना जीपमध्ये गावातल्या बायका सगळ्यांत पुढं बसल्या होत्या. मागच्या ऑगस्टात ज्या खाली बघत होत्या त्याच. एक म्हणाली, आता आपल्या गावाला बघायला लोकं येतेन. आपल्या म्हणाली. ऐकून बरं वाटलं.

रविवार, २६ मार्च

काय दिवस आले आहेत.

राजेश्रीचे वडील आश्रुबा आले होते. माणूस गरीब, खाली मान घालून बोलणारा. चहा झाला तरी टोपी हातातच फिरवत बसले. मग म्हणाले, "इहीणबाई, एक बोलावं म्हणलं. राग न्हाई ना यायचा?"

"बोला की इवाई."

"पूर्ण्याला एक पोरगं हाय रेल्वेत. रामकिशन म्हणून. त्याची बायकू बाळंतपणात गेली. आपल्या राजीला करतो म्हणायलाय. पिंकीसगट. लय सरळ पोरगं हाय, सुपारीचं खांड बी खात न्हाई."

मला आधी कळेचना हा माणूस कुणाबद्दल बोलायलाय. कळलं तेव्हा अंगाची लाही झाली. म्हटलं, "इवाई, जिच्या गळ्यात मंगळसूत्र आहे त्या बाईला स्थळ आणता तुम्ही?"

"पर तिचा मालक तर गेला ना."

"मालक गेला, मंगळसूत्र कुठं गेलंय? माझ्या लेकाच्या नावाचं कुंकू आहे तिच्या कपाळावर. कुंकवाच्या बाईनं दुसऱ्याच्या घरात जाण्याला काय म्हणतात ते गावात विचारून या."

म्हाताऱ्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "मग काढू की. बापानं काढलं तर चालतंय."

"काढता येत नाही. ठराव आहे."

म्हातारा उठला, टोपी घातली, पिंकीच्या हातावर गोळ्या ठेवल्या आणि गेला. मला त्याची कीव आली. माणूस वाईट नाही, पण विचार जुने. बाई म्हणजे ह्या घरातून उचलून त्या घरात ठेवायची वस्तू वाटते ह्या लोकांना.

भिंतीपलीकडं छबूबाईचे कान होतेच. संध्याकाळी म्हणाली, "कस्तुरे, आपल्या आजेसासूचा पाटच होता की. पांढऱ्या कपाळानं आली अन् ह्या घराचं सोनं केलं."

आता हे उकरून काढायची काय गरज? पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, बिनवाजंत्रीचं, दिवे लागल्यावर उरकायचं. होता पूर्वी. तेव्हा आपण अडाणी होतो. चांगल्या घरात आता कुणी पाट लावतं का? आणि तो विधवेला लागतो. माझी सून विधवा नाही.

मंगळवार, २८ मार्च

राजेश्री आज स्वतः बोलली. भाकरी करत होती, पाठ माझ्याकडं.

"आत्याबाई, मला जायचंय."

"कुठं?"

"बाबा सांगून गेले ना."

मी तिच्याजवळ बसले. शांतपणे विचारलं, "ह्या घरात तुला काय कमी आहे? कुणी तुला कधी पांढऱ्या पायाची म्हटलं? कुणी विधवा म्हटलं?"

"न्हाई."

"मग?"

ती तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. म्हणाली, "म्हणा की एकदा. म्हंजी मी सुटते."

मी लिहून ठेवते आहे, कारण मला ह्या बोलण्याचा अर्थ लागला नाही. ज्या शब्दापायी मी वीस वर्षं तोंड लपवून जगले तो शब्द ही मागून घेते. भाकरी करपली. मी ती म्हशीला टाकली.

दुपारी मनिषा मॅडमला बोलावलं, म्हटलं तू समजाव तिला. तर तीच मला म्हणाली, "ताई, ठराव कुणाला बांधून घालायला नव्हता. ते दोन शब्द राहू दिले असते तर आज अडलं नसतं." मॅडमच्या घरी छप्पन सालापासून बुद्ध आहे. त्यांच्यात वेगळं असतं, कुंकवाचा जीव तिला काय कळणार. अर्थात मी जात मानत नाही. तिच्यासाठी काचेचा चांगला कप मुद्दाम वेगळा ठेवलाय, त्यात दुसऱ्या कुणाला देत नाही. मानानं वागवते.

गुरुवार, ६ एप्रिल

बायकांची बैठक घेतली. मला वाटलं होतं दोन-चार जणी राजेश्रीच्या बाजूनं बोलतील. एक पण नाही. सगळ्या एका आवाजात, ठराव म्हणजे ठराव. "आज एकीनं काढलं की उद्या दुसरी काढंल, मंग गावाची काय इज्जत ऱ्हाईल?" जिनं हे म्हटलं तिनंच मागच्या वर्षी मला नटवी म्हटलं होतं. माणसं बदलतात, फक्त बदलवणारं कुणी पाहिजे. गावात दोघी विधवा बहिणी आहेत, इतके दिवस कुंकू नको नको म्हणत होत्या, त्यांना पण बायकांनी बैठकीतच धरून कुंकू लावलं. धाकटी रडत होती. सवय होईल.

राजेश्री दाराआड उभी राहून ऐकत होती. तिला ऐकू जावं म्हणूनच मी दार उघडं ठेवलं होतं.

रविवार, ९ एप्रिल

पिंकीला बबिताकडं परभणीला पाठवली. हवापालट. राजेश्री एसटीच्या दाराशी आली आणि पोरीचा फ्रॉक सोडेना. कंडक्टर खेकसला. मी एकेक बोट सोडवलं.

घरी आल्यावर तिला नीट समजावून सांगितलं, आवाज न चढवता. तू जा ना, तुला कुणी दावणीला बांधलंय? पूर्ण्याला जा, मुंबईला जा. पण पोरगी आमच्या रक्ताची आहे, ती ह्या घरातून जाणार नाही. जोवर तू माझी सून आहेस तोवर ती तुझी लेक. तू दुसऱ्याच्या घरात गेलीस की तू तिची कोण?

"मी तिची आई हाव, आत्याबाई."

"ते तू ठरव," म्हटलं.

जेवली नाही. मी पण जेवले नाही. माझा जीव काय दगडाचा आहे?

बुधवार, १२ एप्रिल

दुपारी पंचायतीतून आले तर राजेश्री घरात नव्हती. छबूबाईच्या मागच्या अंगणात गेले. राजेश्री दगडावर हात ठेवून बसली होती. छबूबाईच्या हातात तोच वरवंटा. सगळीकडं हिरवी काच. मंगळसूत्र रुमालात बांधून बाजूला ठेवलेलं. कपाळ धुतलेलं. आणि ही पोरगी, गोपी गेल्यापासून पहिल्यांदा, मोकळं रडत होती. छबूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

मी म्हटलं, "आक्का, माझे चुडे फोडलेस ते फोडलेस. आता हिचे पण?"

"तुझे तुला न इचारता फोडले. ते माझ्या डोक्यावर हाय, मेल्यावर बघीन," छबूबाई म्हणाली. "हिनं मागून घेतले. माझ्याजवळ दुसरं काय हाय पोरीला द्यायला?"

राजेश्री उठून माझ्यासमोर आली. मनगटं पुढं केली. कुठं खरचटलं नव्हतं, म्हातारीनं खाली फडकं घालून हलक्या हातानं फोडले होते. म्हणाली, "आता झाले ना मी? आता मला पिंकी द्या अन् जाऊ द्या."

मी तिच्या कानाखाली वाजवली. आयुष्यात पहिल्यांदा.

गुरुवार, १३ एप्रिल

आज सगळं जागच्या जागी आणलं.

बैठकीतल्या बायका सकाळीच बोलावल्या. कासारणीला निरोप दिला, हिरवा चुडा घेऊन ये. राजेश्रीला ओसरीवर उंबऱ्याशी बसवलं. ती हाताची मूठ उघडेना. कासारीण बिचारी साबण लावून बघते, बोटं दाबून बघते. शेवटी टोपली आवरायला लागली. म्हणाली, "बाई, हात ढिल्ला सोडल्याबिगर बांगडी जात न्हाई. मी आसं भरत नसते."

"मग सरक," म्हटलं.

चौघींनी धरलं. दोघींनी खांदे, दोघींनी दंड. मूठ मी उघडली, अंगठा तळहातावर मुडपला आणि बांगडी सरकवली. पहिली फुटली. दुसरी फुटली. काच तिच्या मनगटात गेली, थोडं रक्त आलं. पण मी हात सोडला नाही, सगळा चुडा भरला. मंगळसूत्र घातलं. कुंकू लावलं. तिनं मान फिरवली म्हणून ते जरा नाकावर आलं, ते पदरानं पुसून परत नीट लावलं.

बायका जाताना म्हणाल्या, लय केलं बाई तुमी सुनेसाठी.

नंतर मी तिच्या मनगटाला हळद लावत होते तेव्हा दिसलं. जखम अगदी माझ्या वणाच्या जागेवर आहे. उंबरा तोच, चार बायका त्याच पद्धतीनं धरायला. पण मग मनाला विचारलं, कस्तुरा, ह्यात फरक नाही का? आहे. माझ्या बांगड्या फोडल्या होत्या. मी भरल्या आहेत.

संध्याकाळी बबिताला फोन करून राजेश्रीच्या कानाला लावला. पिंकी पलीकडून आई आई करत होती. राजेश्रीनं ऐकून घेतलं आणि फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, "आणा तिला. मी कुठं जात न्हाई."

गुरुवार, ४ मे

नरसिंह जयंती. राजेश्रीला आणि पिंकीला घेऊन पोखर्णीला गेले, देवाला नारळ फोडला, राजेश्रीची ओटी भरली. देवळाबाहेर रसवंतीवर तिच्या माहेरचं एक माणूस भेटलं. त्याच्याकडून कळलं की त्या रामकिशनचं लग्न झालं परवा. बघा, एवढीच होती त्याची ओढ. मी राजेश्रीकडं बघितलं. ती पिंकीच्या ग्लासातला बर्फ काढत होती. हात थांबला नाही. म्हणजे मनातून गेलंय.

पिंकी बबिताकडून आल्यापासून आईजवळ जायला जरा कचरते, माझ्याच पदराआड लपते. झोपते पण माझ्याजवळ. लबाड आहे.

छबूबाईकडं गावातलं कुणी जात नाही आता. गिरणीवाला दळण घेत नाही, बायका बोरिंगवर तिला वाट देत नाहीत. मी कुणाला काही सांगितलेलं नाही. सभेत ठराव मोडणारी म्हणून तिचं नाव तेवढं वाचलं, ते कामाचा भाग म्हणून. काल भिंतीवरून बघितलं तर तिची चूल पेटलेली नव्हती. एक भाकरी पाठवावी वाटलं, पण मग लोक म्हणतील सरपंचालाच नियम नाही.

शनिवार, ३ जून

आजचा दिवस सोन्यानं मढवून ठेवावा असा.

वटपौर्णिमा. आमच्या गावच्या विधवा, चुकले, आमच्या गावच्या सगळ्या बायका आज वडाला गेल्या. अशी पूजा जिल्ह्यात कुठं झाली नसेल. पेपरवाला आला होता, मोबाइलवर चित्रण करणारी दोन पोरं आली होती. मी राजेश्रीला नवी हिरवी साडी घेतली होती. नाकात नथ, गळ्यात मंगळसूत्र, हातभर चुडा. लक्ष्मी दिसत होती. अंगानं वाळली आहे, पण फोटोत ते चांगलंच दिसतं.

तिनं सूत हातात घेतलं आणि फेरे सुरू केले. पेपरवाला म्हणाला, जरा मोठ्यानं म्हणा ताई, जन्मोजन्मी हाच नवरा मिळू दे. राजेश्रीनं म्हटलं. एकदा नाही, तो जितक्यांदा म्हणाला तितक्यांदा, कुठंही न अडखळता. मार्चमध्ये माईकवर गप्प बसणारी हीच का ती, असं मला झालं. माझा गोपी वरून बघत असेल. चौकट उंच करायची राहून गेली त्याची, पण बायको त्यालाच मागते आहे.

सूत संपलं तरी ती वडापाशी उभी होती. बुंध्याला कपाळ टेकवून, ओठ हलत होते. पेपरवाला गेला होता, बायका फणसाचे गरे वाटत होत्या, तरी हिचं मागणं संपेना. शेवटी मी गेले. थट्टेनं म्हटलं, "काय गं, इतकं काय मागायलीस देवाला? सात जन्म पुरेनात का?"

तिनं वळून बघितलं. किती महिन्यांनी नीट डोळ्याला डोळा दिला माझ्या.

"तुमच्यासाठी मागायलेय आत्याबाई."

"माझ्यासाठी? काय?"

"पुढल्या जन्मी तुमी माझी सून व्हा."

मला भरून आलं. गावानं शाल दिली, साहेबांनी नारळ दिला, पण आज मला जे मिळालं ते कुणाला मिळत नाही. मी हिचं जेवढं केलं ते सगळं हिला फेडायचं आहे. मी जशी हिची हौस केली तशी हिला माझी करायची आहे, तिच्या हातानं माझ्या कपाळाला कुंकू लावायचं आहे. बायका बघत होत्या तरी मी तिला घट्ट पोटाशी धरलं. तिचे हात बाजूला लोंबत होते, सवय नाही ना पोरीला मायेची.

घामानं तिचं कुंकू ओघळलं होतं. मी ते अंगठ्यानं सारखं केलं आणि म्हटलं, देव तुझं ऐको.